कूप उघडण्याआधी गावाला विचारा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र वनविकास महामंडळ मर्यादित,
नागपूर

महोदय,



तुमच्या डेपोत सागवानाचा ओंडका लॉटात लागतो, तेव्हा त्याच्या कापलेल्या तोंडावर आकडे टाकलेले असतात. नंबर, लांबी, गोलाई आणि हातोड्याची छाप. त्या आकड्यांवरून रजिस्टर काढलं की ओंडका कोणत्या कूपातून (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातून) आला, हे तुमचा डेपो अधिकारी बसल्या जागी सांगतो. लिलावात बोली लावणाऱ्यांनाही या हिशेबाची खात्री असते. चांद्याच्या सागवानाला बाजारात जो मान आहे, त्यात लाकडाच्या रंगाइतकाच या चोखपणाचाही वाटा आहे. हे मी मनापासून लिहितो. सरकारी कंपन्यांच्या कारभाराबद्दल इतकं बरं लिहायची वेळ सहसा येत नाही.

पण या हिशेबात एक रकाना मला कुठे सापडत नाही. तो कूप कोणत्या गावाला लागून होता, आणि तोड सुरू करण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेला कोणी विचारलं होतं का? हे पत्र त्या रिकाम्या रकान्याबद्दल आहे.

तुम्ही भारतीय वनसेवेतले अधिकारी. या खुर्चीवर दोन-तीन वर्षं बसाल आणि पुढे जाल. त्यामुळे जे लिहितो आहे ते व्यक्ती म्हणून तुम्हाला लागू नाही, खुर्चीला लागू आहे. आणि खुर्ची जुनी आहे. महामंडळ स्थापन झालं १६ फेब्रुवारी १९७४ ला. त्याआधी दोन वर्षं राष्ट्रीय कृषी आयोगाने उत्पादन वनीकरणावरचा अंतरिम अहवाल दिला होता. त्याचा आशय असा, की देशातली मिश्र जंगलं कमी किमतीची आहेत, ती काढून तिथे भाव मिळणाऱ्या झाडांची लागवड करावी, त्यासाठी बँकांचा पैसा लागेल, आणि बँका खात्याला कर्ज देत नाहीत म्हणून राज्यांनी कंपन्या काढाव्यात. महाराष्ट्राने काढली. त्याच आयोगाने १९७६ च्या अहवालात पुढे हेही म्हटलं, की खेड्यातल्या लोकांना फुकट वनोपज देण्यामुळे जंगलांचा नाश झाला. म्हणजे महामंडळाचा पाया घातला जात होता तेव्हा शेजारचं गाव हे जंगलाचं दुखणं समजलं जात होतं.

त्या काळात तो विचार सर्रास होता, म्हणून त्याचा दोष एकट्या महामंडळावर टाकणार नाही. पण त्यानंतर देशाने आपला विचार चारदा बदलला. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. १९८८ च्या दुरुस्तीने तर नैसर्गिक झाडं साफ करून पुन्हा लागवड करायलाही केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वननीतीने स्पष्ट सांगितलं, की जंगलातून थेट मिळणारा पैसा दुय्यम. पर्यावरणाचं संतुलन आणि जंगलाशेजारच्या लोकांच्या गरजा आधी. १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. तुमच्या घटनेतल्या उद्दिष्टांची भाषा मात्र १९७४ च्या काळातली राहिली, आणि क्षेत्रात काम करणारा तुमचा माणूस तीच भाषा बोलतो. गावकरी त्याच्या लेखी एक तर मजूर असतो, नाही तर अतिक्रमणदार. तिसरी जागाच नाही.

मिश्र जंगल कमी किमतीचं असं म्हणणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एक पहाट काढायला हवी होती. मोहाखालचा पालापाचोळा आदल्या संध्याकाळीच झाडून ठेवलेला असतो. उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. ऊन चढायच्या आत फुलं वेचायची, अंगणात पसरायची, वाळवायची. पुढे त्याच झाडाच्या टोळीचं (बियांचं) तेल. मे महिन्यात तेंदूचा हंगाम. घरातली सगळी माणसं पहाटे जंगलात, दुपारी ओसरीवर पानं मोजत बसलेली; ७० पानांचा एक पुडा, संध्याकाळी तो फळीवर (पानं खरेदीच्या केंद्रावर). चार (चारोळी), आवळा, हिरडा, बेहडा, धावड्याचा डिंक यांचे दिवस वेगवेगळे. पाऊस पडला की वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी). यातल्या एकाही गोष्टीची किंमत कूपाच्या अंदाजपत्रकात धरलेली नसते, कारण ती घनमीटरमध्ये मोजता येत नाही. कमी किमतीचं जंगल ते हेच.

तुमचे अधिकारी म्हणतील, मोहाला आम्ही हात लावत नाही, फळझाडं राखून ठेवतो. बहुतेक ठिकाणी ते खरं असेल. पण एकटा मोह राखल्याने जंगल राखलं जात नाही. सलग सागवान लावलं, त्याचं छत मिटलं, की खाली काय उरतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही; तुमच्याच शास्त्राच्या पुस्तकांत ते आहे. सागाची पानं ढोरं खात नाहीत. पावसाळ्यात अळी पडली की तीच पानं चाळणीसारखी जाळीदार होतात. उन्हाळ्यात गळालेला जाड पाचोळा वणव्याला आयता मिळतो. ज्या बाईला पूर्वी गावाच्या कडेला एका फेरीत भाजी, सरपण, डिंक आणि गुरांचा चारा मिळायचा, तिला आता रोपवन ओलांडून दूर जावं लागतं. ही तिची जास्तीची पायपीट तुमच्या कोणत्याही अहवालात खर्च म्हणून येत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण तुमच्या कार्यालयात भावनेपेक्षा कलमाला वजन असतं, आणि तसंच असायला हवं.

महामंडळाकडे सुमारे साडेतीन लाख हेक्टर जंगल आहे. ते तुमच्या मालकीचं नाही. शासनाने ते तुम्हाला व्यवस्थापनासाठी दिलेलं आहे. त्याचा राखीव किंवा संरक्षित वन हा दर्जा कायम आहे. वनहक्क कायद्याच्या २(घ) कलमातली वनजमिनीची व्याख्या इतकी व्यापक आहे, की राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, अगदी अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही तिच्यात येतात. महामंडळाकडे दिलेलं जंगल वगळलं आहे असा एक शब्दही तिथे नाही. त्याच कायद्याच्या ३(१)(झ) कलमाने गावाला आपलं सामूहिक वनसंसाधन राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. कलम ५ ने ग्रामसभेला त्या जंगलाच्या रक्षणाचे अधिकार दिले आहेत. १२ जुलै २०१२ ला केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने राज्यांना जे निर्देश दिले, त्यांत तर गौण वनउपजाच्या व्यापारातली वनमहामंडळांची मक्तेदारी कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, ती संपवा, असं सरळ म्हटलं आहे.

इमारती लाकूड गौण वनउपजात येत नाही, हे मला माहीत आहे. तुमचे विधी सल्लागार पहिला मुद्दा तोच काढतील. पण प्रश्न लाकूड कोणाचं एवढाच नाही. जे जंगल राखण्याचा आणि त्याची आखणी करण्याचा हक्क कायद्याने गावाला दिला, त्या जंगलात झाडं तोडायची की नाही, कोणती तोडायची, कधी तोडायची, हे गावाला न विचारता नागपुरात ठरत असेल, तर गावाच्या हातात दिलेल्या त्या अधिकारपत्राचा अर्थ काय? चौकटीत लावून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगायचं?

गडचिरोली जिल्ह्यात चौदाशेच्या आसपास गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. देशात दुसरा असा जिल्हा शोधावा लागेल. त्याच जिल्ह्यात तुमचे मार्कंडा आणि प्राणहिता हे प्रकल्प विभाग आहेत. म्हणजे देशातल्या सगळ्यात जागरूक ग्रामसभा आणि राज्याची सगळ्यात जुनी वनकंपनी एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहतात. गेल्या दशक-दीड दशकात तोडीला ग्रामसभांचा विरोध झाला, ठराव झाले, बाया कूपात जाऊन उभ्या राहिल्या, कुठे काम थांबलं, कुठे पोलीस बंदोबस्तात सुरू राहिलं. या प्रत्येक वेळी कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून फाइल उघडली जाते. फाइल वेगळी उघडायला हवी. ज्या शेजाऱ्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे, तो आपल्याच जंगलात उभं राहून विचारतो आहे, हा सुव्यवस्थेचा प्रश्न कसा झाला?

तुमच्यापासून फार दूर नसलेलं एक उदाहरण. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). या गावाला आणि मर्दा गावाला २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला आलेलं जंगल सुमारे अठराशे हेक्टर. त्याआधी तीसेक वर्षं या गावाने काय केलं, ते महत्त्वाचं आहे. गावात अभ्यासगट चालवला. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा नियम केला. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ती नुसती घोषणा नव्हती, हे कमी जणांना ठाऊक आहे. हक्क मिळूनही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार नव्हतं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. एका कायद्याची अंमलबजावणी व्हायला केंद्रीय मंत्र्याला गडचिरोलीच्या गावापर्यंत यावं लागलं! देशातल्या प्रत्येक गावात मंत्री येणार नाही. म्हणून तुमच्यासारख्या कंपन्यांनी स्वतःहून पाऊल उचलायला हवं.

आणि परवाना दिल्यावर जंगल बुडालं नाही. मेंढ्याने बांबू काढला, विकला, कर भरला, आणि जंगल उभं आहे. खात्याला जी भीती वाटत होती ती खरी ठरली नाही. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव घ्या. हजारभर हेक्टरचं सामूहिक वन असलेल्या या गावाने तेंदूपाने तोडणंच बंद केलं, कारण तेंदूसाठी झुडपं छाटली जातात आणि आग लावली जाते. नगदी उत्पन्न सोडून जंगल राखण्याचा निर्णय एका ग्रामसभेने घेतला. ‘लोकांच्या हाती दिलं तर लोक तोडून खातील’ असं म्हणणाऱ्यांना हे गाव दाखवायला हवं.

थोडं सीएसआरबद्दल, कारण हा शब्द आला की वनकंपन्यांचे डोळे चमकतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. चांगलं आहे. शाळेला बाकं द्या, आरोग्य शिबिर घ्या, पाण्याची टाकी बांधा. कोणी नाही म्हणणार नाही. पण शेजारधर्म म्हणजे हे नव्हे. सीएसआर नफ्यातून देतात, आणि तो कुठेही देता येतो. गावाचा हक्क नफ्याच्या आधी येतो, आणि तो त्याच शिवारात द्यावा लागतो. ज्या गावाचं जंगल कूपात गेलं, त्या गावाला वॉटर फिल्टर देऊन त्याचा फोटो वार्षिक अहवालात छापला, तर हिशेब पुरा होत नाही. वार्षिक अहवालात ‘लाभार्थी’ हा शब्द जिथे जिथे येतो, तिथे ‘हक्कदार’ लिहून बघा. अर्धी वाक्यं बसणार नाहीत, आणि ती का बसत नाहीत याचा विचार करायला तुमच्या संचालक मंडळाची एक बैठक पुरणार नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघालं, तेव्हा बल्लारपूर ते चंद्रपूर शोभायात्रा निघाली. बातम्यांत आलापल्लीच्या सागवानाची थोरवी आली, महामंडळाचं नाव आलं, मंत्र्यांची नावं आली. आलापल्ली हे मोठं नाव आहे. पण झाड आलापल्ली नावाच्या विभागात उगवत नाही, कोणत्या तरी एका पाड्याच्या शिवारात उगवतं. त्या पाड्याचं नाव माझ्या वाचनात आलं नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये कंपार्टमेंट नंबर नक्की असेल. म्हणून तर म्हणतो, माहिती तुमच्याकडे आहे. तिला गावाशी जोडायचं काम तेवढं राहिलं आहे.

शेजाऱ्याशी वागण्याचा विषय निघाला की वाघाला टाळता येत नाही. ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी, मध्य चांदा या भागात जे वाघ वाढले, ते तुमच्या जंगलातही वाढले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मोह वेचायला वाकलेली बाई आणि तेंदू तोडायला झुडपात शिरलेला माणूस वाघाच्या तावडीत सापडतो, तोही याच जंगलात. शासन मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देतं. महामंडळाने यात स्वतःचं म्हणून काय करावं? निदान इतकं: कोणत्या क्षेत्रात वाघिणीचा पिलांसह वावर आहे, हे तुमच्या वनरक्षकाला आणि पर्यटन गाइडला ज्या दिवशी कळतं, त्याच दिवशी ते फळीवरच्या मुनशीला आणि गावच्या कोतवालालाही कळलं पाहिजे. पर्यटकाला वाघ दाखवायला जी वायरलेस यंत्रणा धावते, तिचा उपयोग बाईला वाघापासून लांब ठेवायलाही होतो.

मजुरांबद्दल एक परिच्छेद पुरे. कूपातलं आणि रोपवनातलं काम हा पावसाळ्यानंतरचा मोठा आधार आहे, हे गावकरीही मान्य करतात. मजुरी उशिरा मिळते ही तक्रार कोणत्या गावात ऐकायला मिळत नाही? कूप संपल्यावर किती दिवसांत पैसे खात्यात पडले, हा आकडा विभागवार जाहीर करा. तुमच्याकडे प्रत्येक ओंडक्याची गोलाई असते, तर हाही आकडा असणारच.

आता मागण्या. फार नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा तुमच्या सहीने होण्यासारख्या आहेत, मंत्रालयात जायची गरज नाही.

पहिलं, ज्या क्षेत्रावर ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मान्य झाला आहे, ते क्षेत्र महामंडळाच्या कार्य आयोजनेतून बाजूला काढण्याचा प्रस्ताव तुम्हीच शासनाला पाठवा. गावांनी कोर्टात जायची वाट बघू नका. दावा प्रलंबित असेल तिथे निर्णय होईपर्यंत तोड थांबवा. उरलेल्या क्षेत्रात कूप आखण्याआधी ग्रामसभेत या. फक्त नकाशा घेऊन येऊ नका. नकाशा वाचता येणारी माणसं गावात आहेत, पण कूपाची सीमा पायी फिरून दाखवली की म्हातारी माणसं सांगतात, इथे आमचा देव आहे, इथे मधाची झाडं आहेत, हा मोह अमक्याच्या घराण्याचा आहे. ती झाडं आणि त्या जागा मार्किंग यादीत नावानिशी वगळा. आणि ग्रामसभेने नाही म्हटलं तर ते नाही म्हणून नोंदवा. ‘सल्लामसलत झाली’ असं लिहून पुढे जाऊ नका.

दुसरं, कूपवार हिशेब मराठीत द्या, आणि जिथे माडिया किंवा गोंडी चालते तिथे त्या भाषेत तोंडी सांगा. किती झाडं, किती घनमीटर, लिलावात किती आले, मजुरीवर किती गेले. लाकडाच्या उत्पन्नातला वाटा ज्या गावाच्या शिवारातून लाकूड निघालं त्या ग्रामसभेच्या खात्यात थेट जावा. यासाठी शासन निर्णय लागेल, तो मागा. आणि जिथे रोपवन विरळणीला येईल, तिथे सागच पुन्हा भरायचा हट्ट सोडा. मोह, चार, आवळा, बेहडा, बांबू गावाला विचारून लावा. तुमच्या रोपवाटिकांना हे काही नवीन नाही.

यावर तुमच्यापैकी काहींचं उत्तर मला ऐकू येतं: ग्रामसभा ठेकेदारांच्या नादाला लागतात, गावात गटबाजी असते, अवैध तोड वाढेल. गटबाजी असते, हे खरं. तेंदूच्या हंगामात ग्रामसभांना फसवणारे व्यापारी आले, हेही खरं, आणि काही ग्रामसभा त्यातून अनुभवाने शहाण्या झाल्या. पण राजकारण नाही आणि चुका नाहीत अशी संस्था कोणती? ज्या कंपनीने ५० वर्षांत नैसर्गिक जंगलांच्या जागी एकाच झाडाची रांग लावण्याचं धोरण चालवलं, तिने शेजाऱ्याच्या चुका मोजताना थोडा हात आवरावा. जगभरातल्या वनकंपन्यांना आता प्रमाणपत्र हवं असतं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या एफएससी या वनप्रमाणन संस्थेच्या १० तत्त्वांत तिसरं तत्त्व मूळनिवासींच्या हक्कांचं आणि चौथं शेजारच्या समुदायांशी संबंधांचं आहे. परदेशी खरेदीदार विचारणार म्हणून गावाला विचारायचं, की आपला कायदा सांगतो म्हणून विचारायचं, एवढंच ठरवायचं आहे.

यंदाच्या हंगामाची कूप यादी तुमच्या विभागांकडे तयार असेल. तोड सुरू होण्याआधी ती यादी संबंधित प्रत्येक ग्रामसभेकडे पाठवा, तुमच्या विभागीय व्यवस्थापकाला त्या सभेत जमिनीवर बसवा, आणि सभेचा ठराव मिळेपर्यंत एकाही झाडावर हातोडा मारू नका. ग्रामसभांनाही माझी विनंती आहे: यादी आली नाही तर वाट पाहू नका. माहितीच्या अधिकारात ती मागा, आणि आपला ठराव आधीच करून महामंडळाच्या नागपूर कार्यालयाला पोचपावतीसह पाठवा.

आपला,
झाडीपट्टीतला एक वाचक